नावाड्यांचा पाचवा भाग

“तुझा भांग वाकडा पडलाय,” आई म्हणाल्या.

मी त्यांच्या पलंगाला टेकून खाली फरशीवर बसले होते. त्या पालथ्या झोपल्या होत्या. कपाळाखाली मधे पोकळी असलेली गोल उशी आणि चेहरा पलंगाच्या कडेबाहेर, जमिनीकडे. त्या दिवसांत त्यांच्या वाट्याला बघण्यासारखं दोनच होतं, फरशी आणि माझं डोकं.

“सकाळी घाईत विंचरलं,” मी म्हटलं.

“घाई कसली? कॉलेजातून तर रजा घेतलीयस.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेत मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात गणित शिकवलं. कागवाडे बाई समोरून येताना दिसल्या की गावातल्या निम्म्या बायका अजून पदर सारखा करायच्या. त्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्याच्या आतला पडदा निसटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला आणि समजावून सांगितलं, की बुडबुडा नेहमी वर चढतो, तो चढून पडद्याला जागेवर दाबून धरेल. पण त्यासाठी डोळ्याची मागची बाजू वर असली पाहिजे. म्हणजे मान सतत खाली. झोपताना, जेवताना, बोलताना, कायम. दोन आठवडे तरी. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. त्यानं भांग दिसे, अक्षर दिसत नसे.

“बुडबुडा कसा दिसतो?” मी विचारलं.

“विहिरीच्या तळाशी बसून वरचं पाणी बघावं तसा. वर कुणीतरी पाणी हलवतंय आणि आपण खाली आहोत.” मग म्हणाल्या, “गणिताच्या बाईनं असं बोलू नये.”

घरात आम्ही दोघीच होतो. शिरीषला, त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. त्यानंतर मी माहेरी गेले नाही, त्यांनीही जा म्हटलं नाही. आम्ही एकमेकींशी फार चांगलं वागायचो. इतकं चांगलं, की घरात कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये म्हणून दोघी जपतोय असं वाटावं. त्याचं नाव घ्यायची वेळ आली की दोघींपैकी एक जण उठून गॅसकडे जायची.

आणि मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवून होते. गोव्यात फोंड्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची जागा निघाली होती. मी मुलाखत देऊन आले होते, आणि त्यांनी मला रुजू व्हायला बोलावलंही होतं. आईंना सांगणार एवढ्यात त्यांचा डोळा गेला. मग ठरवलं, डोळा बरा होऊ दे. फोंड्याहून फोन आला की मी बाल्कनीत जाऊन बोलायची.

रेडिओ त्यांना दोन दिवसांत नकोसा झाला. भेटायला येणाऱ्या बायकांच्या नुसत्या चपला दिसतात, चेहरा नाही, म्हणून त्यांनी भेटायला येणंही बंद करवलं. तिसऱ्या दुपारी त्या म्हणाल्या, “काहीतरी वाच.”

“पेपर वाचू?”

“पेपर नको. त्याचं ते वाच. नावाड्यांचं.”

गॅसकडे जावंसं वाटलं, पण त्यांचा चेहरा खाली होता आणि मी त्याच्या खाली होते. उठून जाणं त्यांना दिसलं असतं.

‘ताऱ्यांचे नावाडी’ हे शिरीषचं लाडकं पुस्तक. म्हणजे पुस्तकमालिका, तो होता तोवर चार जाडजूड भागांची. तो सहावीत असताना पहिला भाग आला. कॉलेजात असताना त्यानंच तो मला वाचायला दिला, आणि परत करायला गेले तेव्हा आमचं जे बोलणं सुरू झालं ते लग्नापर्यंत थांबलं नाही. लग्नानंतर दर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चारही भाग पुन्हा वाचायचो. कधी तो मोठ्यानं वाचायचा, कधी मी. आईंनी मात्र त्या पुस्तकांना कधी हात लावला नव्हता. “भाकडकथा,” एवढंच म्हणायच्या.

मी त्याच्या खोलीतून पहिला भाग आणला. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून कापसासारखे मऊ झाले होते. वाचायला लागले.

आकाशात धवला नावाची नदी आहे. वाट चुकलेले तारे तिच्यातून वाहत येतात आणि नावाडी त्यांना दोरानं बांधून, वल्हवत, ज्याच्या त्याच्या जागी पोचवतात. बंदरावर दिवे विकणाऱ्या बाईचा मुलगा, त्याचं नाव वल्ह्या, एका पहाटे धुक्यातून आलेल्या नावेत चढतो. नाव म्हाताऱ्या तांबूआजाची. नावेवर रुई नावाची मुलगी आहे, तिला ताऱ्यांचं बोलणं ऐकू येतं. नावाड्यांचा नियम एकच. वल्हवताना खाली पृथ्वीकडे बघायचं नाही.

“आईला सांगून गेला का?” मधेच आईंनी विचारलं.

“नाही. ती झोपलेली असते.”

“हं,” त्या म्हणाल्या. “वाच.”

आमचं घर सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. दुपारी पडदे ओढलेले असायचे, पंखा फिरत असायचा आणि खालून कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून सूर उघडतोय की नाही ते बघत बसलेला असायचा. एक सूर, मग कानस घासल्याचा आवाज, मग तोच सूर जरासा वेगळा. वाचता वाचता मला तो आवाज धवलेवरून येतोय असं वाटायचं. कधी कधी आईंना डुलकी लागायची. मी थांबले की त्या जाग्या व्हायच्या. “थांबू नकोस. झोपेत जास्त चांगलं दिसतंय.”

पहिला भाग असाच गेला. त्या क्वचितच बोलल्या.

दुसऱ्या भागाच्या शेवटी तांबूआजा जातो. वादळात नाव बुडायला आलेली असते, मागे दोराला एक मोठा, जड तारा. मुलांना वाटतं, आजा दोर सोडेल. आजा दोर सोडत नाही. तो आपलं वल्हं वल्ह्याच्या मांडीवर ठेवतो, टोपी सारखी करतो आणि ओट्यावरून अंगणात उतरावं तसा नदीत उतरतो. नाव हलकी होते. मुलांना कळेपर्यंत तो मागे राहिलेला असतो.

हे पान शिरीष उभा राहून वाचायचा. बसून वाचलं की आवाज फुटतो, म्हणायचा. मी बसून वाचलं, आणि माझा आवाज फुटला.

आईंनी विचारलं, “त्यानं सांगितलं का नाही, उतरताना?”

“सांगितलं असतं तर मुलांनी उतरू दिलं नसतं.”

“तरी सांगावं,” त्या म्हणाल्या. “मागे राहणाऱ्याला काहीतरी हातात लागतं.”

“वल्हं दिलं की.”

“वल्हं म्हणजे काम झालं. मी बोलण्याचं म्हणतेय.”

त्या संध्याकाळी मी त्यांना खाली मान घालूनच भात भरवत होते, तेव्हा त्यांनी आपण होऊन त्याचं नाव घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“दहावीला असताना शिरीषचा तिसरा भाग मी कपाटात कुलपात ठेवला होता. परीक्षा होईपर्यंत मिळणार नाही म्हणून.”

“मला त्यानं सांगितलंय. म्हणाला, किल्ली मसाल्याच्या डब्यामागे सापडली आणि आईला शेवटपर्यंत कळलं नाही.”

“कळलं नाही?” आईंच्या खांद्यात हसू हललं. “रोज किल्लीला हळद लागलेली असायची. रोज मी ती पुसून परत तिथंच ठेवायची.”

“मग जागा का नाही बदलली?”

“जागा बदलली असती तर त्यानं वाचलं नसतं ना,” त्या म्हणाल्या, आणि घास मागितला.

तिसऱ्या भागात रुई आपलं ऐकणं देऊन वल्ह्याला सोडवते. धवलेच्या तळाशी काळोखाच्या राणीनं त्याला धरून ठेवलेलं असतं, आणि ती मोबदल्यात रुईचे कान मागते. त्यानंतर रुईला तारे ऐकू येत नाहीत, वल्ह्याही नाही. तो तिच्यासमोर बसून हळूहळू बोलतो आणि ती त्याच्या ओठांकडे बघते. कॉलेजात असताना मला हे फार मोठं प्रेम वाटायचं. आता वाचताना माझं लक्ष त्यापुढच्या एका साध्या वाक्यावर गेलं, जे आधी कधी दिसलंच नव्हतं: ‘पहिल्या दिवशी रुई दिवसभर पाण्यात हात घालून बसली, कारण पाणी तिच्याशी अजून बोलत होतं.’ मी ते दोनदा वाचलं.

“हे मघाशी वाचलंस,” आई म्हणाल्या.

“हो. मला पुन्हा वाचायचं होतं.”

“मग तिसऱ्यांदाही वाच,” त्या म्हणाल्या.

चौथा भाग संपतो तिथे आमची दर दिवाळीला भांडणं व्हायची. वल्ह्या आता मोठा नावाडी झालेला असतो, पण तो नियम मोडत असतो. वल्हवताना चोरून खाली बघतो. त्याची आई रोज किनाऱ्यावर एक दिवा लावून ठेवते आणि तो दिवा वरून त्याला टिपक्याएवढा दिसतो. एक दिवस दिवा दिसत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खाली उतरला तर त्याला पुन्हा वर येता येणार नाही. मागे दोराला सात तारे बांधलेले आहेत. तो वल्हं पाण्यातून वर काढतो, आणि पुस्तक संपतं.

“संपलं?” आई म्हणाल्या.

“चौथा भाग संपला. मी म्हणायचे, तो उतरणार. शिरीष म्हणायचा, उतरणार नाही, पुढे जाणार.”

“आई गेली असं तुम्ही दोघांनी धरूनच चाललात.”

“दिवा नाही म्हणजे...”

“दिवा नाही म्हणजे दिवा नाही. एवढंच सिद्ध झालंय. तेल संपलं असेल. वात ओली असेल. बाई चार दिवस बहिणीकडे गेली असेल.” त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. “पाचवा भाग आहे ना?”

“आहे.”

“मग आण.”

“तो मी वाचलेला नाही, आई.”

“बरंच झालं. दोघींना एकदम कळेल.”

“मला तो वाचायचाच नाही.”

पाचवा भाग शिरीष गेल्यावर वर्षानं आला. चौथ्यानंतर कितीतरी वर्षं लोकांनी वाट पाहिली होती. शिरीषनं दुकानात आपलं नाव नोंदवून ठेवलं होतं. एक दिवस दुकानदाराचा फोन आला, “शिरीषरावांचं पुस्तक आलंय, पाठवून द्या त्यांना.” त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. गेले, पुस्तक घेतलं, आणि वरचा प्लास्टिकचा कागदही न काढता ते बाकीच्या चार भागांच्या मागे उभं करून ठेवलं.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे सांगणं जमलं असावं. “तो जिथं थांबला तिथंच मीही थांबलेय,” मी म्हटलं. “त्याला जे कळलं नाही, ते मला कळून काय करू?”

पंखा फिरत राहिला. खाली गल्लीतला कारागीर जेवायला गेला असावा, काहीच ऐकू येत नव्हतं.

“दवाखान्यात,” आई म्हणाल्या, “तू औषधं आणायला खाली गेली होतीस. तो जागा झाला. मला म्हणाला, आई, दुकानात फोन करून विचार ना, पाचवा आला का. मी म्हटलं, आधी ताप उतरू दे, मग बघू पुस्तकांचं.”

मी वळून वर बघितलं. त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

“एक फोन करायचा होता, मृदुला. आलं नव्हतं पुस्तक, मला माहीत आहे. पण मी विचारते, असं म्हटलं असतं तर तो तेवढा वेळ वाट बघत राहिला असता. त्यानं शेवटचं मागितलं ते हे होतं, आणि मी त्याला अभ्यासाला बसवल्यासारखं गप्प केलं.” त्यांनी कपाळ उशीवर नीट टेकवलं. “त्याला कळलं नाही म्हणून आपल्यालाही कळू नये, हे मला पटत नाही. तिघांपैकी कुणाला तरी कळू दे.”

मी उठले आणि पाचवा भाग घेऊन आले. प्लास्टिक काढताना नव्या शाईचा वास आला. चार भागांच्या जुन्या वासानंतर तो परका वाटला.

तो वाचायला आम्ही जास्त दिवस घेतले. पुढे काय आहे हे दोघींनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी वाक्यं हळू वाचत होते, काळोखात जिना उतरावा तशी. या दिवसांत आईंचा बुडबुडा लहान होत चालला होता. आधी त्यांना सगळंच पाणी दिसायचं, आता एक गोल, हलता थेंब दिसे आणि त्याच्या कडेबाहेर उजेड. बसायची परवानगी मिळाली होती, पण वाचन त्या पालथं पडूनच ऐकायच्या. म्हणायच्या, “नावेत असंच बसायची सवय झालीय.”

वल्ह्यानं काय केलं ते पुस्तक लगेच सांगत नाही. ते आधी खाली जातं, किनाऱ्यावर, त्याच्या आईच्या घरात. आई जिवंत असते. धडधाकट असते. तेलही असतं. एका म्हाताऱ्या कोळ्याकडून तिला कळलेलं असतं, की हल्ली तारे उशिरा उगवतात, कारण कुणी नावाडी वल्हवताना मान वळवून खाली बघतो. ती बाई संध्याकाळी दिवा हातात घेऊन किनाऱ्यावर येते. आणि मी वाचलं:

‘तिनं वात चिमटीत धरली. बोटं भाजली, पण तिनं ती लगेच सोडली नाही. मग काळोखात ती वर बघत उभी राहिली, आणि ज्या दिशेनं तो कधीच येणार नव्हता त्या दिशेला म्हणाली, जा.’

पुढच्याच पानावर वल्ह्या वल्हं पाण्यात घालतो आणि पुढे जातो. दिवा का दिसेनासा झाला, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

“शिरीष बरोबर होता,” मी म्हटलं.

पालथ्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी गालावरून ओघळत नाही, सरळ खाली पडतं. ते पुस्तकाच्या समासावर पडलं. मी पुसलं नाही.

“मी विझवला नसता,” आई म्हणाल्या.

मी पुस्तकातून मान वर केली.

“फार मोठी बाई आहे ती. मी नाही. मी दिवा तसाच ठेवला असता. तारे उशिरा उगवले तर उगवले.” मग आवाज पुसून कोरडा करत त्या म्हणाल्या, “तू फोंड्याला कधी जायचं म्हणतेयस?”

“तुम्हाला कसं...”

“डोळा गेला होता. कान शाबूत आहेत. बाल्कनी काय फार लांब आहे?”

“मी सांगणारच होते. तुमचा डोळा बरा झाला की.”

“माझ्यामुळे राहिलीस इथे, तीन वर्षं?”

“नाही,” मी म्हटलं. आणि ते खरं होतं, हे मलाही बोलताना कळलं. “इथं तुम्ही त्याच्यासारख्या शिंकता. त्याच्यासारखा चहा बशीत ओतून पिता. मी त्यासाठी राहिले.”

खाली गल्लीत तार पुन्हा सुरू झाली होती.

“मला वाटायचं, मी आहे म्हणून तू अडकलीस,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी कमी बोलायची. तुझ्या पायात येऊ नये म्हणून.”

“आणि मला वाटायचं, मी समोर दिसले की तुम्हाला तो नाही हे दिसतं.”

“तेही दिसतंच,” त्या म्हणाल्या. “म्हणून काय बघायचं नाही?”

मी पलंगाच्या कडेवर हात ठेवला. त्यांनी चाचपून तो धरला.

“जा तू,” त्या म्हणाल्या. “पण माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवू नकोस. मला ते आवडणार नाही, मी चिडचिड करीन, आणि दर रविवारी फोन नाही आला तर मी तुझ्या प्राचार्यांना फोन करीन.”

“तुम्हीच चला ना माझ्याबरोबर.”

“मी कुठे येऊ? इथं माझ्या शिकवण्या आहेत.”

मी जूनमध्ये फोंड्याला गेले. त्या आल्या नाहीत. दर रविवारी फोनवर खरोखरच चिडचिड केली, आणि मला त्याची इतकी सवय झाली की एका रविवारी त्या गोड बोलल्या तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांना साधं पडसं झालं होतं. दिवाळीत त्या आठ दिवसांसाठी म्हणून आल्या. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा होता. बस स्टँडवर उतरल्या त्या एक पिशवी कपड्यांची आणि एक पिशवी पुस्तकांची घेऊन. पुस्तकांची मला उचलू देईनात.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी पाचही भाग ओळीनं माझ्या टेबलावर मांडले. बाहेर कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, झावळ्यांचा आवाज येत होता.

“आता तुम्हाला स्वतःला वाचता येईल,” मी म्हटलं.

“येईल. पण तू वाच.” त्या आरामखुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. “मागच्या खेपेला मी नीट ऐकलंच नाही.”

“सगळं तर ऐकलंत. मधेमधे मला चुका काढून दाखवत होतात.”

“गोष्ट नाही ऐकली. तो इथं हसला असेल का, इथं रडला असेल का, हेच शोधत होते. प्रत्येक ओळीत तोच. वल्ह्या कसा दिसतो हे मला अजून माहीत नाही.” त्यांनी डोळे मिटले, मान मागे टेकली. “पहिल्यापासून घे. या वेळी मी गोष्ट ऐकते.”